बेवारस होडीचा पंचनामा

सरकारी माणूस खाडीच्या चिखलात उतरला की समजावं, नवा नियम आलाय. एरवी ते जेट्टीच्या सिमेंटवर उभे राहून फोटो काढतात, संस्थेच्या ऑफिसात चहा पितात आणि निघून जातात. त्या दिवशी मात्र बंदराच्या ऑफिसचे दोघे जण गुडघ्यापर्यंत पँट दुमडून आमच्या होड्यांमधून हिंडत होते आणि पडून असलेल्या प्रत्येक होडीवर एकेक नोटीस चिकटवत होते. डिंक काही फार चांगला नव्हता. भरती आली तशा निम्म्या नोटिसा वाशीच्या दिशेने वाहून गेल्या.

माझ्या मैनावहिनीच्या होडीवरची नोटीस मात्र टिकली, आणि ती वाचायला मला बोलावलं. मी बेलापूरला एका वकिलाकडे टायपिंग करते, त्यामुळे मला कायदा कळतो अशी गावाची समजूत आहे. मला टायपिंग कळतं. पण गावात तेवढा मान मिळत असेल तर आपण कशाला नाही म्हणा?

नोटिशीत लिहिलं होतं ते सोप्या भाषेत असं: ज्या होड्या वापरात नाहीत, ज्यांचं लायसन्स संपलंय आणि ज्या जेट्टीजवळ नुसत्या अडून बसल्यात, त्या बेवारस ठरवणार. महिन्याभरात मालकाने होडी वापरात असल्याचं दाखवायचं. नाही दाखवलं तर पंचनामा, आणि मग लिलाव. कारण जेट्टीचं सुशोभीकरण करायचं आहे. सुशोभीकरण म्हणजे काय, हे नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आमच्या खऱ्या होड्या उचलायच्या आणि त्याच जागी फायबरची होडी बसवून तिच्यात झेंडू लावायचा.

मच्छीमार संस्थेचे चेअरमन चंद्रशेखरकाका यांनी त्याच संध्याकाळी मीटिंग घेतली. "एक पन होरी देनार नाय!" असं ते तीन वेळा म्हणाले. टाळ्या तिन्ही वेळा पडल्या. मग त्यांनी युक्ती सांगितली. होडी वापरात दाखवायची ना? मग वापरा. कशी वापरायची ते नोटिशीत कुठे लिहिलंय?

दुसऱ्या दिवसापासून चिखलात रुतलेल्या होड्यांमध्ये माणसं जाऊन बसायला लागली. एकीत ताडपत्री बांधून पत्त्यांचा डाव सुरू झाला. एकीत फाटकी जाळी दुरुस्तीला पडली. एकीत बायकांच्या बचत गटाची मीटिंग झाली आणि तिथेच भांडणही झालं. गावातल्या पुरुषांनी आयुष्यात कुठली नोकरी एवढ्या नेमाने केली नसेल. बायका डबे घेऊन चिखल तुडवत जायच्या आणि नवरे वरून ओरडायचे, "जरा लवकर आन ना, ड्युटीवर हाय मी!"

आता वहिनीच्या होडीचं सांगते. होडी माझ्या भावाच्या, किसनच्या नावावर. किसन सात वर्षांपूर्वी गेला. खाडीत गेला नाही, तेवढा मान त्याने आम्हाला दिला नाही. तो खारघरला गेला. तिथे एका बाईबरोबर चौदाव्या मजल्यावर राहतो. ज्या माणसाला घरापासून जेट्टीपर्यंत चालायचा कंटाळा यायचा, तो आता लिफ्टने वर जातो. तो माझा सख्खा थोरला भाऊ आहे आणि मला त्याचा भयंकर राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई एकतर्फी बोलते असं मागाहून कुणी म्हणायला नको. मी एकतर्फीच बोलणार आहे.

वहिनी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते. होडी काढायची तर लायसन्स लागतं, लायसन्सला दरवर्षी मालकाची सही लागते, आणि मालक खारघरला. पहिल्या वर्षी तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, येतो रविवारी. असे पुष्कळ रविवार आले आणि गेले. बिनलायसन्सची होडी काढली की गस्तवाले अडवतात. म्हणून घरची होडी चिखलात उभी, आणि वहिनी दुसऱ्याच्या होडीत पाय आखडून बसते आणि धरलेल्यातल्या निम्म्या चिंबोऱ्या त्याला देऊन टाकते. परतताना रोज स्वतःच्या होडीवरून जाते. तिच्या जागी मी असते तर केव्हाच काडी लावली असती. वहिनी कधी काही बोलली नाही.

घरात ती आणि माझी आई भागीरथी, दोघीच. मी लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहते. आईच्या लेखी किसन कामानिमित्त बाहेर आहे. बाजारात टोपली मांडून बसली की ती शेजारणींना सांगते, "काल आलता तो. राती येऊन गेला, तुमी झोपला व्हता." गाव ऐकून घेतं. आमच्या गावाला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, पण म्हाताऱ्या बाईला तोंडावर खोटं पाडायचं नाही एवढी अक्कल अजून शिल्लक आहे. मी मात्र दर वेळी चिडते. चिडून झालं की मलाच वाईट वाटतं.

तर त्या नोटिशीच्या तळाशी एक ओळ होती. लिलावात होडी घेणाऱ्याचा तिच्यावर पूर्ण हक्क राहील आणि आधीच्या मालकाचा हक्क संपेल. मी ती ओळ परत वाचली आणि तशीच वहिनीकडे पळाले. ती अंगणात चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत बसली होती.

"म्हंजे त्याची सही नको?" तिने विचारलं.

"सही नको. तोच नको. फक्त होडी बेवारस ठरली पाहिजे, मग तू लिलावात घ्यायची. असल्या कुजक्या होडीवर बोली लावायला येतंय कोण?"

तिने हातातल्या सुतळीची गाठ घट्ट आवळली. मग म्हणाली, "मंग ठरू दे बेवारस." आणि हसली. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

अख्खा गाव होड्या वाचवायला धडपडत होता आणि आम्ही दोघी आमची होडी जायची वाट बघत होतो. करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण आमच्या गावात गप्प बसू देतात का कुणाला?

तिसऱ्याच दिवशी चेअरमनकाकांना आठवलं की मैनाची होडी रिकामी आहे. "एकट्या बाईची होरी हाय. तिला आपन नाय वाचवायची तर कोनी?" असं म्हणून त्यांनी पत्त्यांचा अख्खा डाव तिच्या होडीत हलवला. वहिनी धावत गेली. "राहू द्या काका, कशाला तरास?" तर काका म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको गो. तरास कसला? आमी हाव ना." पत्ते खेळणाऱ्यांनीही माना डोलावल्या. एवढं निःस्वार्थ काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. जेट्टीवर बोललेलं संध्याकाळच्या आत आईच्या कानावर गेलं असतं.

त्यात नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडे एकही होडी पूजेविना ठेवत नाहीत. मोडकी असो, फुटकी असो, तिला हळद-कुंकू लागतं, हार पडतो. आई दरवर्षी किसनच्या होडीची पूजा करते. यंदा पत्तेवाल्यांना भरून आलं. त्यांनी आदल्या दिवशी होडी खरवडून निळी-पिवळी रंगवली, डोलकाठीला नवा झेंडा लावला आणि पताकाही सोडल्या. बेलापूरपासून वाशीपर्यंत त्या दिवशी एवढी सजलेली होडी दुसरी नसेल. फक्त तिच्या बुडाला भोक होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. बंदराच्या ऑफिसचे निरीक्षक बाबासो आले, सांगलीकडचे, स्वभावाने बरे. त्यांच्या पुढ्यात ती नवरीसारखी नटलेली होडी, आत पाच माणसं, आणि बाहेर आई ताटलीत नारळाच्या वड्या घेऊन उभी.

"आजी, वापरात हाय न्हवं होडी?"

"हाय तर! माझा पोऱ्या येतो ना. राती येतो."

बाबासोंनी वडी तोंडात टाकली आणि लिहिलं, 'वापरात'. चेअरमनकाकांनी वहिनीकडे बघून अंगठा वर केला. वहिनीचा चेहरा मला बघवेना.

त्या दिवशी दुपारी तिने आईला सरळ सांगितलं. मी तिथेच होते. "आई, मना ती होरी बेवारस ठरायला पायजे. तुमी पूजा केलीत, माझं काम बिघडलं."

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "जित्या मानसाची होरी बेवारस? असं बोलतात काय गो?"

"मंग जित्या मानसाला सांगा, येऊन सही करून जा."

"येल तो."

"कवा, आई?"

आई उठून मोरीत गेली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मला तिची कीव आली आणि तेवढाच रागही आला. एवढं होऊन ती पोराचीच बाजू धरून बसली होती आणि सून तिच्यासाठी दोन वेळचं रांधत होती. त्या दिवसापासून दोघी एका ताटलीतली भाजी घ्यायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

मी बाबासोंच्या ऑफिसात गेले. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "ओ ताई, हितं समदी होडी वाचवाय येत्यात. बुडवा म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या."

"बुडवा नाही म्हणत. बेवारस ठरवा म्हणते. ती बेवारसच आहे."

"रंग दिलाय की ओ तिला!"

"रंग काय, चांगल्या चांगल्यांना देतात."

ते हसले. मग म्हणाले, फेरतपासणी करता येते, पण नियमाने करावी लागेल. मालकाला त्याच्या पत्त्यावर नोटीस जाणार. तो आला आणि होडी वापरतो म्हणाला तर कुणालातरी ते खरं असल्याचं सांगावं लागणार. तो वापरत नाही असं सांगायचं, तर ते मालकाच्या गावच्या घरात राहणाऱ्या माणसानेच सांगायला पाहिजे. बायको चालणार नाही, कारण लिलावात तीच घेणार. मीही चालणार नाही, मी लग्न होऊन गेलेली.

म्हणजे उरली आई.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आईंना काय बोलायला लावू नको. मी पन नाय लावनार. आईकडून पोराविरुद्ध बोलवून घ्यायचं? नको मना तशी होरी."

"अगं पण तुझी होडी जाईल."

"जाऊ दे. दुसऱ्याच्या होरीत जाते, तशीच जाईन."

मी तिच्याशी भांडले. माझ्या आईशी तिने भांडावं म्हणून मी तिच्याशी भांडत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण ती काही बधली नाही.

फेरतपासणीचा अर्ज मात्र मी आधीच देऊन आले होते. पंचनाम्याच्या दिवशी सकाळची ओहोटी होती. पत्तेवाले होडीत जागेवर हजर. बाबासो चिखलात, वहिनी होडीला हात लावून उभी, आई थोडी मागे. आणि तेवढ्यात जेट्टीवर गाडी थांबली आणि किसन उतरला. पांढरे बूट. सात वर्षांत केस गेले होते आणि पोट आलं होतं. तो सिमेंटच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बूट खराब झाले असते ना.

गावाला कोण आनंद झाला! "किसन आला! आता मिटला सगला!" चेअरमनकाकांनी त्याला मिठीच मारली. आपला माणूस कितीही नालायक असला तरी सरकारसमोर आपलाच. किसननेही चार जणांना नमस्कार केला. आईला वर बोलावून घेतलं आणि तिच्या पाया पडला. घरी जाऊन पडला असता तर मी काही म्हटलं नसतं. मग त्याने काकांना हळूच सांगितलं, आणि काकांनी ते लगेच सगळ्यांना सांगितलं, की खारघरला त्याच्या ओळखीचं एक सीफूड हॉटेल निघतंय. त्यांना दारात ठेवायला जुनी होडी हवी आहे. आत बर्फ भरायचा आणि वर पापलेटं मांडायची. गिऱ्हाईक फोटो काढणार.

मला वाटलं, वहिनी आता ओरडेल. तिने फक्त होडीवरचा हात काढला नाही.

बाबासो खालून म्हणाले, "मालक हजर. बरं. लायसन्स सात वर्सं न्हाई. होडी वापरता का?"

"वापरतो ना साहेब," किसन म्हणाला आणि काकांकडे बघू लागला.

काकांनी मदत केली. त्यांच्या बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "वापरतो साहेब. राती येतो तो. भागीरथी नेहमी सांगते ना बाजारात."

"हां!" किसनला एकदम जोर चढला. "रात्रीचा येतो साहेब. दर आठवड्याला येतो. आईला भेटतो, होडी बघतो आणि जातो. आई, सांग ना."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. सात वर्षं त्याची अब्रू झाकायला तिने जे रचलं होतं, ते तिने त्याच्या तोंडून ऐकलं, आणि तेही पापलेटं मांडायच्या बर्फासाठी. एकदाही आला नव्हता तो. आणि जराही न अडखळता म्हणत होता, दर आठवड्याला येतो. मी आईला आयुष्यभर ओळखते, पण तिचा असा चेहरा मी बाबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"सांग ना आई," तो पुन्हा म्हणाला. "साहेबांना उशीर होतोय."

आई जेट्टीच्या पायऱ्या उतरली. मी हात द्यायला गेले तर तिने झटकला. चिखलातून चालत ती बाबासोंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"नाय येत," ती म्हणाली.

"आई, काय बोलतेस?"

"राती पन नाय येत आन दिवसा पन नाय येत. फोन पन नाय करत. मीच सांगत फिरायची. लाज वाटायची म्हनून सांगायची." तिने वर जेट्टीवरच्या किसनकडे बोट केलं. "आज पन हॉटेलासाठी आलाय. लिव साहेब. टाकलीन त्यानं होरी."

मग होडीतले पत्तेवाले एकेक करून उठले, पत्ते गोळा केले आणि खाली उतरले. त्यातल्या एकाने वहिनीसमोर उगाचच हात जोडले.

किसन वरून काहीतरी बोलत होता. आईचं वय झालंय, तिला समजत नाही, वकील लावीन. एवढ्यात त्याचा फोन वाजला. बहुतेक हॉटेलवाला असावा, कारण तो "हां सर, हां सर" करत गाडीकडे सरकायला लागला. चेअरमनकाका गाडीकडे पाठ करून होडीकडे वळले. मग घसा खाकरून म्हणाले, "लिलावात मैनाच्या वर कोनी बोली लावली तर संस्थेतून काडून टाकीन."

"असलं माझ्यासमोर बोलू नका ओ," बाबासो म्हणाले. "मी ऐकलं न्हाई." ते होडीच्या काठावर वही टेकवून लिहीत होते. आईने मोडक्या अक्षरात सही केली. चिखलाचं बोट उमटलं, ते त्यांनी रुमालाने पुसलं.

"आजी, शेवटचं एक राहिलं. मालकाशी तुमचं नातं?"

आईने वर बघितलं. किसन गाडीचं दार उघडत होता. मग तिने वहिनीकडे बघितलं. वहिनी पोटरीभर चिखलात उभी होती.

"सासू," आई म्हणाली.

बाबासोंचं पेन थांबलं. "आजी, मालक म्हंजे अजून तुमचा मुलगा..."

"एकदा सांगितला ना? लिव सासू."

बाबासोंनी लिहिलं. वहिनी होडीवर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली आणि मी निघालेल्या गाडीच्या दिशेने, अख्ख्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या देत सुटले. खरं तर मलाही रडूच येत होतं. आई म्हणाली, "पुरे गो दोघी. भरती लागेल, घरी चला." आणि वहिनीचा हात धरून ती पुढे चालायला लागली.